सूचना द्याव्यात, पाळू नयेत

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे अगदी आठही अंगांनी. सध्या माझी अवस्था अशी आहे की समोर कोण आलंय हे न बघता मी आधी लोटांगण घालतो.) इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिन्याचं नाव काढू नका असं बजावलेलं असताना तू कपडे वाळत घालायला गच्चीवर जातेस, असं बाबा सांगत होते. जाऊ नकोस गं. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? आजची घेतली नसशील तर आधी घे, वर पाणी पी, जरा टेकून बस आणि मग पुढचं वाच. फोन का केला नाही असं तुला वाटेल. फोनवर तू ‘हं, पुढे?’ म्हणतेस, आणि त्या ‘हं’नंतर पुढचं सगळं माझ्या डोक्यातून साफ उडतं. पत्रात निदान तुला मध्ये थांबवता येत नाही.

तुला माहीतच आहे, तू शब्द टाकलास म्हणून मला तुझ्या जुन्या पाणीपुरवठा कार्यालयात चिकटता आलं. आधीच्या दोन नोकऱ्या मी का सोडल्या हेही तू जाणतेस. (पहिलीत साहेबांनी एकदा ‘जरा येऊन जा’ म्हटलं आणि मी गेलो तो घरीच.) ही तिसरी. या महिन्याअखेर मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरणार आहे. बायकोने तिकडची नोकरी सोडली, पोरीची शाळा बदलली, सगळं बिऱ्हाड उचलून आम्ही इथे आलो ते या एका ‘कायम’ शब्दाच्या भरवशावर. तेव्हा मोठ्या साहेबांनी बोलावून आपलं इंट्रानेट नव्याने करायचं आहे, त्याआधी झाडून सगळ्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं गोळा करा, असं फर्मावलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. एका माणसाचं म्हणणं ऐकायचं म्हटलं तरी मी दाराकडे सरकतो, इथे तर चार हजार माणसं.

इंट्रानेट म्हणजे कार्यालयातल्या संगणकावर सकाळी उघडतं ते आपल्यापुरतं संकेतस्थळ, हे तुला सांगायला नको. इथे त्याला कोणी इंट्रानेट म्हणत नाही, ‘ते निळं’ म्हणतात. तू गेल्यानंतर त्याची पार रया गेली आहे. रजेचा अर्ज चार ठिकाणी आहे आणि चारही वेगवेगळे आहेत. ‘निवृत्तिवेतन’ शोधलं तर मागच्या साहेबांच्या निरोप समारंभाचा फोटो येतो. (अगदीच चूक म्हणता येत नाही.) दूरध्वनी यादीत तीन माणसं अशी आहेत की त्यांना फोन लावायचा तर वर जावं लागेल. लोक त्यावर महिन्यातून एकदा पगाराची चिठ्ठी बघतात आणि घाईघाईने बंद करतात.

तर मी वही घेऊन विभागांमधून फिरायला निघालो. लेखा विभागात विचारलं, निळ्याबद्दल काय अडचणी आहेत? सगळे एका सुरात म्हणाले, काही नाही, छान आहे. प्रयोगशाळेतल्या बाईंनी पाण्याच्या नमुन्यावरून मान वर केली, दार लोटलं आणि हळूच विचारलं, ‘माझी कोणी तक्रार केली का?’ मीटर वाचणारे डबा खात होते, ते मला बघून हात न धुताच उभे राहिले. पंपघरातल्या जुन्या पंपचालकांना पंपाच्या आवाजामुळे कमी ऐकू येतं. त्यांनी आधी सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं, मग विचारलं की विषय काय होता. मी निळ्याचं नाव घेतल्यावर म्हणाले, ‘ते होय! ते चालू असतं का?’ शेवटी एका पुस्तकात वाचलेला उपाय केला. निळ्यावरच्या प्रत्येक पानाचं नाव एकेका कार्डावर लिहायचं, कार्डं लोकांना द्यायची आणि जे जवळचं वाटेल ते एका ढिगात ठेवायला सांगायचं. मी ती अभिलेख विभागाला दिली आणि तासाभराने गेलो, तर चौघांनी ती पिसून वाटली होती आणि डाव रंगात आला होता. ‘पगाराची चिठ्ठी’ हुकमाचं पान होतं. ‘रजेचे नियम’ कोणीतरी मांडीखाली दडवलं होतं. मी तीही नोंद केली. आत्या, खोटं सांगत नाही, सगळ्या पाहणीत लोकांच्या मनातलं खरं कळलं ते एवढंच.

तोंडावर कोणी बोलणार नाही हे कळल्यावर मी सुचवलं की निळ्याच्या पहिल्या पानावर एक मोठं बटण ठेवू. ते दाबायचं, मनातलं लिहायचं, नाव द्यायचं नाही. साहेबांना पटलं. त्यांनी बटणावर काय लिहायचं हे ठरवायला समिती नेमली. आमची समिती अख्खी दुपार बसली. ‘अभिप्राय’ लिहू म्हटलं तर उपसाहेब म्हणाले, लोकांना वाटेल फाईल आली, आणि फाईल आली की लोक ती शेजारच्या टेबलावर सरकवतात. ‘मत’ म्हटलं तर कायदा सल्लागारांना संघटनेची निवडणूक आठवली आणि ते गोरेमोरे झाले. ‘तक्रार’ हा शब्द साहेबांच्या पचनी पडेना. शेवटी चहा गार झाल्यावर कोणीतरी म्हणालं, ‘सूचना’ लिहा. साधा, सोज्वळ, घरगुती शब्द. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीसुद्धा डोलावली. तिथेच माशी शिंकली.

तुझ्या लक्षात आलं असेलच. तू उभा जन्म सूचना काढण्यात घालवलास. सूचनापेटीत लोक टाकतात तीही सूचना, आणि सूचनाफलकावर कार्यालय लावतं तीही सूचना. एक खालून वर जाते, दुसरी वरून खाली येते. आपल्या भाषेत दोघींचं नाव एकच आहे, आणि चार हजार माणसांच्या कार्यालयात हे एकाच्याही लक्षात आलं नाही. आमच्या संगणक विभागात एकच माणूस आहे. तो कोणत्याही कामाला ‘होईल की’ म्हणतो आणि करून मोकळा होतो, विचारत म्हणून काही नाही. त्याला मी म्हणालो, सूचनांचं बटण हवं. तो म्हणाला, सूचनांचा कप्पा जुनाच आहे, त्याला जोडून देतो. मी म्हणालो, वा! त्यावर तो म्हणाला, पण त्या कप्प्याचा अधिकार एकाच लॉगिनला आहे, बाईंच्या. तू निवृत्त झाल्यावर तुझी जागा कोणी भरली नाही आणि तुझं लॉगिन कोणी पुसलं नाही. माझ्या नावाने नवा अधिकार मिळवायचा तर तीन सह्या लागणार होत्या, साहेबांना बटण दुसऱ्या दिवशी हवं होतं आणि मला कायम व्हायचं होतं. मी तुझ्या नावाने आत शिरलो आणि बटण जोडून टाकलं. तुला विचारलं नाही. (गोळी घेतली आहेस ना?)

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी बटण दाबलं आणि इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं मोकळं केलं. पाण्याच्या खात्यात इतका दाब मी प्रथमच पाहिला. आणि त्यातली प्रत्येक सूचना, लिहिली गेल्या क्षणी, सगळ्या संगणकांवर कार्यालयीन सूचना म्हणून झळकत होती. खाली आपोआप ओळ येत होती, ‘आदेशावरून, आस्थापना अधिकारी’, आणि त्याखाली तुझं संपूर्ण नाव. बरं, भाषेवरून तरी कोणाला शंका यावी? पण सूचना लिहिताना करणारा गाळावा आणि क्रियापदाला ‘वे’ लावावं हे तूच या कार्यालयाला शिकवलंस. विनवणी करायची तरी ‘द्यावे’ आणि हुकूम सोडायचा तरी ‘द्यावे’. मराठीत मागणं आणि फर्मावणं एकाच प्रत्ययावर चालतं, याचा मला त्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता.

पहिल्यांदा मला काही कळलं नाही. मी खुर्चीत बसून किती सूचना आल्या ते बघून खूश होत होतो. मग जिन्यातून धापा ऐकू आल्या. ‘विभागप्रमुखांनी उद्वाहन सोडून जिन्याने यावे’ अशी कोणा शिपायाची इच्छा होती, ती वाचून सगळे विभागप्रमुख कठड्याला धरून वर येत होते. (मोठे साहेबसुद्धा. चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर त्यांना आठवलं की आदेश आपण काढतो.) लेखा विभागाने ‘माणसांशी माणसासारखे बोलावे’ असं आलं, तर लेखाप्रमुख टेबलाटेबलापाशी जाऊन प्रकृतीची चौकशी करू लागले. दोन जणांनी घाबरून आपली जुनी प्रवासबिलं मागे घेतली. ‘खिडकीजवळची जागा आळीपाळीने मिळावी’ यावरून तिसऱ्या मजल्यावर टेबलं निघाली आणि मधल्या बोळात अशी अडकली की एक कारकून पलीकडेच राहिला, त्याला डबा वरून द्यावा लागला. ‘कुत्रा असलेल्या घरी मीटर वाचायला पाठवू नये’ हे वाचून मीटर वाचणारे निघाले तसे परत आले. या शहरात कुत्रा नसलेलं घर नाही, असं ते शपथेवर सांगतात. जेवणानंतर ‘घटकाभर डोळे मिटू द्यावेत’ आल्यावर मी दार उघडून पाहिलं, तर अख्खा विभाग फायलींवर डोकं ठेवून शिस्तीत झोपला होता. नव्या पोरांना तू निवृत्त झाल्याचं ठाऊक नाही, आणि जुन्यांना ठाऊक असूनही त्यांची छाती झाली नाही. दारावरच्या रखवालदाराने टोपी सरळ केली आणि मला दबक्या आवाजात विचारलं, ‘बाई परत आल्या का?’ आत्या, त्या क्षणी मी पळायला जवळचा जिना शोधत होतो, पण खरं सांगू, छातीसुद्धा थोडी फुगली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पंपघरातून सूचना आली होती की ‘दुपारी माणसाला आणि पंपाला एकदमच विसावा द्यावा’. दिला. त्याच वेळी मोठ्या साहेबांच्या दालनात बाहेरगावचे पाहुणे आपल्या पाण्याचा दर्जा बघायला आले होते. साहेबांनी पेला धरून ऐटीत नळ सोडला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला. पाहुण्यांनी पेला घेतला, उजेडात धरला आणि अतिशय पारदर्शक आहे म्हणाले.

मी धावत संगणकाकडे गेलो. आलेलं पुसायचं कसं ते मला येत नव्हतं, आणि ‘होईल की’वाला डोळे मिटण्याच्या सूचनेचं पालन करत होता. म्हणून मीच बटण दाबलं आणि लिहिलं, ‘यापूर्वीच्या सर्व सूचना रद्द समजाव्यात.’ घाबरलेल्या माणसाने लेखी काही करू नये हे तुझं वाक्य मला नंतर आठवलं. कारण ‘यापूर्वीच्या सर्व’मध्ये तुझ्या कारकिर्दीतल्याही सगळ्या आल्या. कार्यालयाची वेळ, हजेरी, ओळखपत्र, दप्तरखान्यात विडी ओढू नये, काहीच उरलं नाही. कायदा सल्लागारांनी ती सूचना दोनदा वाचली आणि मत दिलं की या क्षणी या कार्यालयाला सुटण्याची वेळ नाही, तेव्हा सुटायला हरकतही नाही. चार वाजायच्या आत इमारत रिकामी झाली. पलीकडे अडकलेला कारकून तेवढा राहिला.

आता चौकशी बसली आहे. मोठे साहेब, उपसाहेब आणि कायदा सल्लागार असे तिघे आहेत. साहेब आरडाओरडा करत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात आणि पेन्सिलीला टोक काढतात. मला जेवण जात नाही. काल पोरीने विचारलं, बाबा, आपण परत जुन्या घरी जाणार का? मी म्हटलं, छे गं, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. बायको धीर देते, पण तिनेही रिकामी खोकी माळ्यावर टाकायची थांबवली आहेत. मी पुन्हा तसाच पळून आलो असं तुझ्या कानावर पडू नये, एवढंच मला फार वाटतं.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपावे. (ही सूचना आहे, सूचना नव्हे.) थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुझ्या मांजरीला यातलं जे पटेल ते.

तुझा आज्ञाधारक (आतापर्यंत),
भाचा

ता. क. हे लिहायचं राहिलंच. येत्या गुरुवारी ते तिघे तुला फोन करणार आहेत. तुमचं लॉगिन वापरायची परवानगी तुम्ही याला दिली होती का, एवढंच विचारतील. तू फक्त ‘हो’ म्हण. एकच अक्षर आहे. तू आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस हे मला ठाऊक आहे, ताप नसताना तापाची रजासुद्धा घेतली नाहीस. पण ‘नाही’ला दोन अक्षरं लागतात, आणि ती दोन पडली तर आम्ही तिघं रस्त्यावर येऊ. म्हणशील ना?

ता. क. २. पत्र टाकायला कोणी जाणारं नव्हतं म्हणून घरीच राहिलं, तेवढ्यात आणखी एक उपटलं. पासवर्ड तुम्हाला कुठून कळला ते सांगा, असं त्यांनी विचारलं आहे. तेव्हा तुलाही सांगून ठेवतो. मी आधी काकांचं नाव घालून पाहिलं. नाही. मग मांजरीचं. मग ‘शिस्त’, ‘वक्तशीर’ आणि ‘खबरदार’. (निळं इतकं जुनं आहे की कितीही चुका केल्या तरी ओरडत नाही.) शेवटी स्वतःवरच चिडून, तू मला लहानपणापासून ज्या नावाने हाक मारतेस तेच दाबलं. ‘घाबरट’. दार उघडलं. आत्या, मला वाटायचं तू माझ्यावर वैतागून तसं म्हणतेस. इतकी वर्षं रोज सकाळी त्या खुर्चीत बसून तू आधी मला हाक मारायचीस आणि मग कामाला लागायचीस, हे कधी सांगितलं का नाहीस गं? मला रडू आलं. मग डोळे पुसले आणि बटण जोडून तुझ्या नावाची वाट लावली.

ता. क. ३. बायकोने पत्र वाचलं. आत्यांना खोटं बोलायला लावणार का, एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. पहिलं ता. क. मी खोडलं आहे. बॉलपेन असल्यामुळे ते स्पष्ट वाचता येतं, तरी वाचू नये. आज सकाळी मी आपण होऊन तिघांपुढे उभा राहिलो आणि आत्याला न विचारता केलं म्हणून सांगितलं. पळालो नाही. कायदा सल्लागार म्हणाले, पासवर्ड नोंदीसाठी मोठ्याने सांगा. सांगितला. टंकलेखिकेने ‘घ’ पुन्हा म्हणायला लावला. मग मोठे साहेब पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, ‘मला बाई ‘वेंधळा’ म्हणायच्या.’ मग म्हणाले, गेल्या कित्येक वर्षांत या कार्यालयाने ते निळं पहिल्यांदाच वाचलं, आणि आलेल्यांपैकी निम्म्या सूचना करण्यासारख्या आहेत. मला एकाच लिफाफ्यात दोन कागद मिळाले, एक सक्त ताकीद आणि एक कायम केल्याचं पत्र. नोकरी राहिली, नाव गेलं. रखवालदारापासून पंपघरापर्यंत सगळे आता मला त्याच नावाने ओळखतात. तुला फोन येणार नाही. मागणं एकच आहे. तुझ्या ईमेलला आणि बँकेला तोच पासवर्ड असणार, मी ओळखतो ना तुला. तो आता चार हजार माणसांना तोंडपाठ आहे, तेव्हा आजच्या आज बदल. पण आत्या, अगदीच बदलू नकोस. शेवटी एखादा आकडा जोड. संगणकवाला म्हणतो, तेवढं पुरतं.